गाडी भंगार, कंपनी म्हणते दुरुस्त करा

गेवराईजवळ माझी साडेतीन वर्षांची कार उभ्या ट्रकवर आदळली. आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) 6 लाख, गॅरेजचं एस्टिमेट 5 लाख 10 हजार. तरी विमा कंपनी टोटल लॉस (गाडी पूर्ण गेली असं धरून भरपाई) द्यायला तयार नाही. (बीड)

गाडी ओढून आणण्याचा नि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. तुमच्या बाबतीत ही रेघ साडेचार लाखांवर. पण कंपन्या बहुतेक वेळा घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) कापून उरलेला आकडा धरतात. बंपर, टायर, एअरबॅग यांवर निम्मा घसारा, तुमच्या गाडीच्या वयाला पत्र्यावर 25 टक्के, काचेवर काहीच नाही. इथंच 5 लाख 10 हजार रेघेखाली येतात. 'झिरो डेप' (घसारा न कापण्याचं जादा कवच) घेतलं असेल तर चित्र पालटतं, म्हणून आधी पॉलिसी काढून वाचा. (एजंटनं काय सांगितलं होतं ते नव्हे, छापलंय ते.)

आता खरा मुद्दा. हे एस्टिमेट गाडी उघडण्याआधीचं आहे का? चेपलेलं बोनेट कुणालाही दिसतं. पण चेसिसचा लाँग मेंबर (सांगाड्याची लांब तुळई) वाकलाय हे इंजिन उतरवल्यावरच कळतं. तसं असेल तर गॅरेजकडून मापांसह पूरक एस्टिमेट घ्या, सर्व्हेअरच्या (कंपनीतर्फे नुकसान मोजणाऱ्याच्या) फेरपाहणीची मागणी ईमेलनं करा आणि सर्व्हे अहवालाची प्रत मागा. फोनवरच्या "बघतो ना साहेब"ला काडीची किंमत नाही.

गॅरेजवाला म्हणतो, दुरुस्तीला संमतीची सही करा, नाहीतर पार्किंगचं भाडं लागेल. करू का? (परभणी)

नको. काम सुरू झालं की टोटल लॉसचा मुद्दा संपलाच समजा. वाद लांबणार असेल तर फोटो काढून, कंपनीला लेखी कळवून गाडी घरी आणून ठेवा.

कंपनी ऐकतच नाही. पुण्याला खेटे घालावे लागतील का? (लातूर)

आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा. मराठवाड्याचं कार्यालय पुण्यात असलं तरी अर्ज ऑनलाइन करता येतो. फी नाही, वकील नाही. दुसरी वाट लातूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगाची, मुदत 2 वर्षं. मात्र आयोगात गेलात की लोकपाल प्रकरण घेत नाही, म्हणून मी आधी लोकपालच सुचवेन. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर आयोगात जाता येतं. ती 2 वर्षं तोवर थांबत नाहीत, एवढं तारखेत मांडून ठेवा.