दहा वर्षे जुनी पेट्रोल वॅगनआर अजून किती टिकेल?

रोजच्या वापरासाठी विकत घेतलेली दहा वर्षे जुनी पेट्रोल वॅगनआर आणखी पाच-सहा वर्षे साथ देईल का, असे आपण विचारले आहे. इंजिनापुरते उत्तर ‘बहुधा हो’ असे आहे. त्यातील 998 सीसीचे, तीन सिलिंडरचे के-सिरीज इंजिन साधे आहे; टर्बो नाही, आणि झडपांची उघडझाप वेळेवर साधणाऱ्या टायमिंग बेल्टऐवजी चेन असल्यामुळे ठरावीक किलोमीटरनंतर बेल्ट बदलण्याचा खर्चही नाही. मात्र ही चेन इंजिन ऑइलच्याच भरवशावर चालत असल्याने, ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीचे केवळ कमी रनिंग पाहून हुरळून जाऊ नये. ऑइल फिलरचे झाकण उघडून आत काळा, चिकट थर साचला आहे का, आणि कूलंटच्या टाकीत हिरव्या किंवा निळ्या द्रवाऐवजी गंजासारखे तांबूस पाणी आहे का, हे पाहावे; विक्रेत्याच्या गोड बोलण्यापेक्षा या खुणा अधिक प्रामाणिक असतात.

क्लच प्लेट, शॉक अॅब्सॉर्बर, पुढच्या चाकांना धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश हे झिजणारच. तो खर्च धरूनच भाव करावा. गाडी कोकणातली असेल तर दरवाजांच्या खालच्या कडा आणि मॅटखालचा पत्रा मी इंजिनाच्याही आधी पाहीन, कारण क्लच बदलता येतो, कुजलेला पत्रा मात्र पुरता दुरुस्त होत नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते, तसेच महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणून आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) नोंदणीची तारीख आधी वाचावी.