एअर रायफलचे ॲक्शन स्क्रू किती टॉर्कने आवळावेत? हाताच्या अंदाजाने भागतं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन व्हिडिओत रायफलचा वरचा भाग (अप्पर रिसीव्हर) जोडताना नळी धरणाऱ्या बॅरल नटला ३० ते ८० फूट-पाउंड टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, देतात, तर तुमच्या १० मीटरच्या एअर रायफलचा स्टॉक (दस्ता) ॲक्शनपासून (नळी आणि यंत्रणा) उघडून परत बसवताना किती द्यायचा, आणि त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला क्लिक होणारा पाना, घ्यायलाच हवा का.

तो आकडा आधी डोक्यातून काढा. तो एआर-१५ या अमेरिकन रायफलच्या जाडजूड नटचा आहे, न्यूटन-मीटरमध्ये ४१ ते १०८. तुमच्या ॲक्शनचे स्क्रू बहुधा एम६ (६ मिलिमीटर जाडीचे) असतील, त्यांना एवढा जोर दिलात तर ॲक्शनमधले आटे उपटून हातात येतील. माझ्या ॲल्युमिनियम स्टॉकला मी ५ न्यूटन-मीटर देते. तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, लाकडी स्टॉकचा वेगळा असतो. आणि एकक नीट वाचा. ४५ इंच-पाउंड म्हणजे साधारण ५ न्यूटन-मीटर. तेच फूट-पाउंड समजून आवळलंत तर बारापट झालं.

आता हाताच्या अंदाजाबद्दल. मी पिथमपूरला गाड्यांच्या असेंब्लीत क्वालिटीचं काम बघते आणि इंदूरच्या रेंजवर नेमबाजी करते. "हाताला कळतं" हे वाक्य मी दोन्हीकडे ऐकलंय आणि दोन्हीकडे ते खोटं आहे.

भोपाळच्या स्पर्धेआधी रायफल ट्रिगरच्या कामासाठी रेंजवरच्या एका सीनियर माणसाकडे दिली होती. परत देताना म्हणाले, "बेटा, स्क्रू ढीले थे, मैंने अच्छे से कस दिए." दुसऱ्या दिवशी सरावाला बसले तर शॉट्स डावीकडे खाली, आणि ग्रुपही, म्हणजे शॉट्सचा पुंजकाही, फुटलेला. १० मीटरला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पाव मिलिमीटर सरकलं की दशांशातला एक गुण जातो. मी साइट फिरवत बसले नाही, ॲलन की काढली.

लाइनवर आवळलेल्या बोल्टवर आम्ही पेंटची रेघ मारतो, तशीच बारीक रेघ माझ्या दोन्ही ॲक्शन स्क्रूंच्या डोक्यावरून शेजारच्या स्टॉकवर ओढलेली आहे. ५ न्यूटन-मीटरला क्लिक झालं की रेघ जुळते, दरवेळी. त्या दिवशीही ती जुळलेलीच होती. दोन्ही स्क्रू सोडून मी माझ्या रेंचनं परत आवळले. मागची रेघ जुळली. पुढच्या स्क्रूला क्लिक झालं आणि रेघ जवळजवळ दशांश फेरा मागेच राहिली. एम६ च्या आट्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिलिमीटर असते, म्हणजे मध्ये ०.१ मिलिमीटरचं काहीतरी अडकलेलं होतं. ॲक्शन उचलून बघितली तर पुढच्या स्क्रूच्या भोकाला चिकटून ॲल्युमिनियमची एक चकचकीत किस (धातूची बारीक कपची) बसली होती, नखाच्या टोकाएवढी, दाबून चपटी झालेली.

त्यांच्या हातालाही स्क्रू नीट बसत नाही हे जाणवलं असणार. त्यावर त्यांनी केलं काय, तर रेघ जुळेपर्यंत जोर लावला. किस खाली तशीच, ॲक्शन तिच्यावर वाकलेली, आणि वरून सगळं ठीकठाक. मी किस काढली, दोन्ही पृष्ठभाग पुसले, पुढचा-मागचा आलटून पालटून आधी २ वर, मग ५ वर आणला. रेघ जुळली आणि ग्रुप परत आला. त्यांना हे दाखवलं तर म्हणाले, इतके वर्षांत कुणाला टॉर्क रेंच लागला नाही, ताईंनाच आकडे लागतात. हो, लागतात. ज्या हाताला रोज थकवा, घाम आणि घाई असते, त्याच्यावर मी दशांशाचा खेळ सोपवणार नाही.

तर घ्यायचं काय? इंदूरच्या सियागंज बाजारात रेंच मागितला की दुकानदार अर्धा इंच ड्राइव्हचा (सॉकेट बसतो त्या चौकोनी टोकाचा) मोटारगाडीवाला पुढे करतो. तो घेऊ नका, त्यातले बरेचसे २५-३० न्यूटन-मीटरच्या पुढेच सुरू होतात. पाव इंची ड्राइव्हचा, साधारण २ ते १० चा हवा. काम झालं की त्याची स्प्रिंग सर्वात खालच्या आकड्यावर सोडून ठेवा आणि स्क्रू सोडवायला तो कधी वापरू नका. बिट चांगल्या पोलादाचा, कडा शाबूत असलेला घ्या. गोल टोकाची ॲलन की तिरपं शिरायला सोयीची असते, पण शेवटचं आवळणं तिनं नाही, स्क्रूचं डोकं खराब होतं. पान्याच्या टोकाला वेगळा अडॅप्टर सरळ रेषेत लावलात तर लांबी वाढून खरा टॉर्क सेटिंगपेक्षा जास्त पडतो, काटकोनात लावलात तर फरक पडत नाही.

हे सांगायचं राहिलं: मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर आटे कोरडे ठेवा. तेल किंवा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच क्लिकला स्क्रू जास्त ताणला जातो. रेघ फक्त त्याच स्क्रूला, त्याच जागी खरी. स्क्रू बदलला किंवा पुढचा-मागचा अदलाबदल झाला तर पुसून नवी मारा. हे सगळं स्टॉक आणि ॲक्शनपुरतंच. हवेच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडू नका, आत २०० बारपर्यंत दाब असतो, आणि स्टॉक काढण्याआधी सिलिंडर उतरवून ठेवा. रायफल एअर नसून .२२ काडतुसाची असेल तर परवानाधारक गनस्मिथकडेच न्या, पण रेघ आधी स्वतः मारून न्या आणि परत घेताना त्याच्यासमोर रेंच लावून तपासा.