जपानची यादी आपल्याला चालेल का?

प्रश्न : कुरखेडा तालुक्यात माझे औषधाचे दुकान आहे. जपानने आपल्या लोकांच्या जनुकांतल्या फरकांची यादी केली, असे वाचले. यादीवरून गोळीची मात्रा कशी ठरते? आमच्याकडच्या सिकल (सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) तपासणीपेक्षा हे वेगळे आहे का?

उत्तर : तुमच्या कपाटातली अझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, उदाहरणाला घ्या. काहींच्या अंगात ती नीट निकामी होत नाही. मग नेहमीच्या मात्रेनेही केस झपाट्याने गळतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात. युरोपात यासाठी टीपीएमटी हे जनुक बघत. पूर्व आशियात ते ठीक असलेल्यांनाही त्रास होई, कारण दोष एनयूडीटी-15 या दुसऱ्याच जनुकात होता. युरोपीय लोकांत तो विरळा, जपानी-कोरियनांत बराच, आणि आपल्याकडेही सापडतो. परक्याच्या यादीवर विसंबले की असे होते.

2011 च्या त्सुनामीनंतर जपानच्या तोहोकू भागात मोठी जैवपेढी (लोकांचे नमुने आणि आरोग्याची माहिती साठवणारी संस्था) उभी राहिली; दीड लाख लोक त्यात आले. 2015 साली त्यातल्या 1,070 जणांचा जीनोम, म्हणजे डीएनएची अक्षरन् अक्षर असलेली पूर्ण संहिता, प्रसिद्ध झाला. एका अक्षराचे फरक निघाले 2.12 कोटी, त्यांतले 1.2 कोटी नवे! प्रत्येक अक्षर सरासरी 32 वेळा वाचले होते. चार-पाचदाच वाचले, तर यंत्राची चूक कोणती आणि खरा दुर्मिळ फरक कोणता, हे कळत नाही. जवळचे नातेवाईकही गाळावे लागतात, नाहीतर एका घरातला फरक गावभर असल्यासारखा दिसतो.

डॉक्टरला याचा उपयोग मोठा. शंभरात दोन निरोगी माणसांत आढळणाऱ्या फरकावर लाखात एखाद्याला होणाऱ्या आजाराचे खापर सहसा फोडता येत नाही. भारतातही जीनोम इंडिया या प्रकल्पाने 10,000 जणांचे जीनोम वाचले. जानेवारी 2025 पासून ती माहिती संशोधकांना खुली आहे.

सिकलची गोष्ट एकाच अक्षराची. तपासणीही अक्षराची नव्हे, त्यातून बनलेल्या हिमोग्लोबिनची. सोल्युबिलिटी चाचणीत नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसेनाशा झाल्या की सिकल हिमोग्लोबिन आहे. पण वाहक की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्याच सांगतात. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असते, म्हणून सोल्युबिलिटी तिथे फसते. रक्त चढवले असेल तर दात्याच्या पेशी घोळ करतात. तीन महिने थांबून तपासा.

आणि अझाथायोप्रिनची नवी चिठ्ठी आली, तर पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला सांगा. ताप आला किंवा केस पुंजक्याने हाती येऊ लागले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरला दाखवायला लावा.