अर्ध्या हिश्श्याची किंमत निम्मीच धरायची का?

प्रश्न: ताई, माझे सासरे या मार्चमध्ये, म्हणजे 2026 ला गेले, सासूबाई आधीच गेल्यात. इलिनॉयमधली शेतजमीन सासरे आणि चुलतसासरे यांच्या नावावर निम्मी-निम्मी आहे. घर, गुंतवणूक, जमीन धरून सासऱ्यांचं सगळं मिळून 45 लाख डॉलरच्या आसपास जातं. काउंटीच्या टॅक्स बिलावरचा आकडा निम्मा करून इस्टेट टॅक्सच्या (मृत व्यक्तीच्या मालमत्तेवरच्या टॅक्सच्या) फॉर्मवर टाकला तर चालेल का?

उत्तर: नाही हो, तसं अजिबात करू नका. इलिनॉयमध्ये शेतजमिनीचं बिल मातीच्या उत्पादकतेवरून काढतात, त्याचा बाजारभावाशी संबंध नसतो. इस्टेट टॅक्सला लागते ती मृत्यूच्या दिवशीची बाजारभावाची किंमत, म्हणजे घेणारा नि देणारा दोघंही राजीखुशीने, सगळं माहीत असताना ज्या किमतीला तयार होतील ती.

आता तुम्हीच विचार करा, अख्खी जमीन 20 लाखांची असली तरी नुसता अर्धा हिस्सा कोणी परका 10 लाखांना घेईल का? त्याला एकट्याला ती विकता येणार नाही, बँक त्यावर सहजी कर्ज देणार नाही, भागीदाराशी पटलं नाही तर वाटणीचा दावा, वकील, मोजणी आणि त्यात जाणारी वर्षं. म्हणून हिश्श्याच्या किमतीत डिस्काउंट मिळतो. दुसरा मालक सख्खा भाऊ आहे म्हणून तो जात नाही, 1982 मध्ये अमेरिकेतल्या नाइन्थ सर्किट या अपील कोर्टाने नवरा-बायकोच्या जमिनीतसुद्धा 15 टक्के मान्य केला होता. पण मनाला येईल तो आकडा टाकू नका. हवाईतल्या एका घराच्या अर्ध्या हिश्श्यांवर मालकांनी 30 टक्के मागितला होता, 2010 मध्ये टॅक्स कोर्टाने वाटणीचा खर्च नि वेळ मोजून साधारण 17 च दिला.

आधी मात्र डीड, म्हणजे जमिनीचं मालकीपत्र, काढून बघा. मालकी टेनन्ट्स इन कॉमन (म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा ज्याच्या त्याच्या वारसांकडे जाणारा) असेल तरच हे सगळं लागू, सर्व्हायव्हरशिप (म्हणजे मागे राहणाऱ्या मालकाला हिस्सा जाणं) लिहिलेली असेल तर हिस्सा आपोआप चुलतसासऱ्यांकडे गेला आणि हिशोबच वेगळा होतो.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण लोक इथेच फसतात. फेडरल, म्हणजे केंद्राच्या इस्टेट टॅक्सची सूट 2026 मध्ये दीड कोटी डॉलर आहे, त्यामुळे तिकडे तुम्हाला काही भरायचं नाही, पण इलिनॉयची मर्यादा 40 लाख, ती तुम्ही ओलांडताय आणि तिथे डिस्काउंटचा खरा फायदा आहे. मात्र जी किंमत दाखवाल तीच वारसांची बेसिस, म्हणजे नफा मोजायची मूळ किंमत, होते, उद्या जमीन विकली तर कॅपिटल गेन तेवढा जास्त. इस्टेट 40 लाखांच्या आत असती तर मी उलटं सांगितलं असतं, डिस्काउंटमागे लागूच नका, नुकसान तुमचंच.

फॉर्म भरायची मुदत 9 महिने, म्हणजे डिसेंबरपर्यंत. अप्रेझर, म्हणजे किंमत ठरवणारा, शेतजमिनीचा अनुभवी बघा आणि त्याला पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगा की मार्चमधल्या त्या तारखेची किंमत हवी आहे आणि ती अर्ध्या हिश्श्याची, अख्ख्या जमिनीची काढून तिला दोनने भागलेली नको.