लहान कारखान्यांनी मिळून वीजबचतीचा ग्रुप केला तर खरंच फायदा होतो का, की नुसता चहा-वडा?

होतो, पण तुम्ही लिहिलंय तसं महिन्यातनं एकदा हॉलमध्ये जमून आयडिया शेअर करायच्या एवढंच केलं तर नाही होत, हे आधीच सांगतो. मी कोल्हापूरजवळ शिरोलीत एका फाउंड्रीत (धातू ओतून कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्यात) मेंटेनन्स बघतो, आसपासच्या नऊ-दहा कारखान्यांचा आमचा असाच ग्रुप आहे. पहिल्या दोन मीटिंग वाया गेल्या. एकीत पॉवर सेव्हरचा डबा विकणारा माणूस येऊन बोलून गेला, दुसरीत सगळे मालक "आमच्यात सगळं ओके आहे" म्हणाले आणि वडा खाऊन घरी गेले.

अडचण कुठं होती सांगतो. इंडक्शन भट्टीत (विजेवरच्या भट्टीत) बीड म्हणजे कास्ट आयर्न वितळवायला टनाला साधारण 550 ते 650 युनिट वीज जाते, आणि आपला नेमका आकडा शेजाऱ्याला कळला की तो आपलं कास्टिंग कितीला पडतं याचा हिशोब मांडणार, वर दोघांचं गिऱ्हाईक एकच, मग कोण सांगतंय? शेवटी एकाने शक्कल काढली, नाव न लिहिता चिठ्ठीवर फक्त टनामागचे युनिट लिहायचे. चिठ्ठ्या उघडल्या तर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यात जवळजवळ शंभर युनिटचा फरक! जास्तवाले कोण ते कुणी विचारलं नाही, पण पुढच्या आठवड्यात दोघांनी भट्टीचं ढक्कन दुरुस्त करून घेतलं, म्हणजे कळलंच 😄 1400 डिग्रीच्या वरचा वितळलेला रस उघडा ठेवला की उष्णता नुसती छताला जाते, आणि रस तयार पण तो ओतायचा मोल्ड (साचा) तयार नाही म्हणून भट्टी धरून ठेवली की ते युनिट वेगळेच.

त्यानंतर आम्ही हॉल सोडला. आता सुट्टीच्या दिवशी एकेकाच्या शॉपमध्ये जातो, आणि मालकांपेक्षा वायरमन, फिटर, सुपरवायझर यांना बोलावतो. हाय टेन्शनवाल्यांचं (जास्त दाबाची वीज घेणाऱ्यांचं) बिल 2020 पासून केव्हीएएचवर येतं, म्हणजे नुसत्या कामाला लागलेल्या विजेवर नाही तर लाइनमधनं ओढलेल्या एकूण विजेवर, त्यामुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातली किती कामाला लागते ते प्रमाण) घसरला की थेट बिल फुगतं, तर एका ठिकाणी तो सावरणाऱ्या कपॅसिटर बँकेतले दोन कपॅसिटर कधीचे गेलेले, वायरमनला माहीत होतं, मालकाला पत्ताच नाही, कारण वायरमनला कुणी विचारलंच नव्हतं.

सुट्टीचा दिवस का, तर मशीनना दाबाची हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरसाठी. सगळी मशीन बंद, फक्त कंप्रेसर चालू ठेवायचा आणि घड्याळ लावून बसायचं, किती वेळ लोड होतो (हवा भरतो), किती वेळ अनलोड (नुसता फिरतो). हवा कुणीच वापरत नाही तरी दोन मिनिटं लोड आणि चार मिनिटं अनलोड होत असेल तर तुमच्या कंप्रेसरची एक तृतीयांश हवा लीकेजमध्ये चाललीय, सरळ गणित आहे. 7 बार दाबाला 3 मिलिमीटरच्या एका भोकातनं साधारण 3 किलोवॅट जातात, चोवीस तास चालू असेल तर दिवसाला 70 युनिट, आणि भोक बुजवायला लागतो काय तर पीयू पाइपचा तुकडा नाहीतर एखादं फिटिंग. आमच्याकडे अशी भोकं निघाली तेव्हा मला स्वतःला लाज वाटली, दहा वर्षं तोच सूंऽ आवाज ऐकत होतो.

ऑफिसमधलं म्हणाल तर एसी 24 वर ठेवा, जुन्या 75 वॅटच्या पंख्यांच्या जागी 30 वॅटवाले बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावा, झालं, त्यासाठी मीटिंग कशाला.

आणि हो, ग्रुपमध्ये विकणाऱ्याला मेंबर करू नका. लागला तर बोलवा, पण आकडे बघायला बसवू नका.

तुमच्यात इंजेक्शन मोल्डिंगवाले जास्त आहेत असं लिहिलंय, तर बॅरलच्या (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीच्या) हीटरवर उष्णता अडवणारं जॅकेट कुणाकडे आहे आणि कुणाकडे उघडं आहे इथनंच सुरू करा, नुसता हात जवळ नेला तरी कळतं.