कायम नोकरी सोडून काँट्रॅक्टवर काम करावं का? घरचे नको म्हणतात, त्यांना कसं पटवावं?

तुम्ही लिहिलंय की वय ३३, चाकणच्या कंपनीत साडेचार वर्षं कायम, ऑटोमेशनचं काम, आणि आता दुसरीकडून दीडपट पैशांवर वर्षभराचं काँट्रॅक्ट मिळतंय. आई-वडील नको म्हणतात, मित्र वेड्यात काढतात. मीही पीएलसी-स्काडाच्याच (यंत्रं आपोआप चालवणाऱ्या आणि त्यांवर लक्ष ठेवणाऱ्या संगणक-प्रणालींच्या) कामात आहे आणि २०१५ मध्ये पिंपरी-चिंचवडमधली कायम नोकरी सोडून हेच केलं, म्हणून लिहिते.

मित्रांचं ऐकू नका. त्यांचा ईएमआय तुमच्या निर्णयावर अवलंबून नाही आणि तुम्ही गेलात तर त्यांना स्वतःच्या नोकरीचा विचार करावा लागेल, तो त्यांना करायचा नसतो. घरच्यांचं मात्र शेवटपर्यंत ऐका. त्यांच्या नकारामागे बहुतेक वेळा खरंच घडलेलं काहीतरी असतं.

आमच्या घरात ते १८ जानेवारी १९८२ ला घडलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. बदली कामगार म्हणून रोज गेटवर उभं राहण्यापासून सुरुवात केली आणि पुढे कायम झाले, याचा त्यांना फार अभिमान होता. दत्ता सामंतांच्या मागे जे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत तेही होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आम्ही कोरेगाव तालुक्यातल्या गावी परत आलो. आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जायला लागली. मी लहान होते, पण दादाला सगळं आठवतं. तो पुढे झेडपीत शिक्षक झाला आणि आमच्या घरात पुन्हा दर महिन्याचा पगार आला.

२०१५ च्या गौरी-गणपतीला गावी मी सांगितलं की राजीनामा देतेय. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "पगार बंद झाला की काय होतं ते या घरानं भोगलंय, आणि तू हातातला पगार सोडतेस?" वहिनीनं विचारलं की रात्री-अपरात्री साइटवर एकटी जाणार का. नोकरीतही मी रात्री साइटवर जातच होते, पण तेव्हा ते कुणाला खुपलं नव्हतं. आप्पा बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं. "तू बिल दिलंस आन् त्यांनी पैसं नाय दिलं, तर गेटवर तुझ्यामागं कोन उभं ऱ्हानार? युनियन हाय का तुझी?"

इतका नेमका प्रश्न मला एकाही एचआरवाल्यानं किंवा मित्रानं विचारला नव्हता. मी त्यांच्याशेजारी बसून पीओच्या (परचेस ऑर्डरच्या) अटी सांगितल्या. ऑर्डरबरोबर चाळीस टक्के, पॅनेलची एफएटी (पाठवण्याआधीची चाचणी) झाली की चाळीस, कमिशनिंगनंतर, म्हणजे साइटवर चालू करून दिल्यावर, वीस. ते म्हणाले, "मंजे वीस त्यांच्याच हातात." बरोबर होतं.

२०१८ मध्ये तेच वीस टक्के अडकले. भोसरीतल्या एका पॅनेल बनवणाऱ्या कंपनीसाठी सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या बॉयलरचं काम मी केलं होतं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, ऑफ सीझनमध्ये निवांत चाललेलं सगळं दसरा जवळ आला की अंगावर येतं, कारण अग्निप्रदीपनाची, म्हणजे बॉयलर पेटवण्याची, तारीख पुढे ढकलत नाहीत. आय-ओ चेकिंग (येणारे-जाणारे सिग्नल तपासणं), इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र थांबवणारी सोय), ड्रममधल्या पाण्याची लेव्हल कंट्रोल होईपर्यंत रात्रंदिवस तिथेच होते. बॉयलर वेळेवर पेटला, मोळी पडली, हंगाम सुरू झाला. आणि भोसरीची कंपनी म्हणायला लागली, "मॅडम, कारखान्याचे आले की देतो." हंगाम निम्मा सरला तरी तेच.

काहींनी सुचवलं, प्रोग्रामला पासवर्ड टाकून ठेवायचास, आपोआप आले असते. मी हे करत नाही आणि तुम्हीही करू नका. चालू बॉयलरचा प्रोग्राम अडवणं म्हणजे तिथल्या ऑपरेटरच्या जिवाशी खेळ आहे. माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या: कारखान्याच्या इंजिनिअरची सही असलेला कमिशनिंग रिपोर्ट आणि लघुउद्योग म्हणून माझी उद्योग आधार नोंदणी (आता तिची जागा उद्यम नोंदणीनं घेतली आहे). एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६, कलम १५ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करारात काहीही लिहिलेलं असो. कलम १६ प्रमाणे उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. आमचे पैसे पुढून आले नाहीत, ही सबब तिथे चालत नाही. मी व्याजाचा तक्ता करून पत्र पाठवलं आणि अशा थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज केला. या तक्रारी ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे तारीख लागायच्या आत मुद्दल जमा झालं. व्याज मी सोडलं, कारण त्या कंपनीत खालचे लोक चांगले होते. गावी जाऊन तो अर्ज मी आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी कलम १६ दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "ह्ये आमच्या येळंला हुतं का?" नव्हतं.

म्हणून सांगते, घरच्यांना बोलून पटवायला जाऊ नका. त्यांची भीती नेमकी कशाची आहे ते विचारा आणि त्या एका गोष्टीची कागदावर सोय करून दाखवा. उद्यम नोंदणी पहिल्या कामाच्या आधी करा, मागाहून केली तर वाद निघतात. आता आयकराचा नियमही तुमच्या बाजूनं आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. तेव्हापासून मार्च महिन्यात अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात.

दादाचं म्हणणं अजून तेच आहे, की कायम ते कायम. त्याच्याबद्दल आदर ठेवून सांगते, मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. आप्पाही कायम नोकरीतच होते, तरी पगार बंद झालाच. दादा स्वतः पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक होता, तुटपुंज्या मानधनावर. तो १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागला म्हणून त्याला जुनी पेन्शन. त्याच शाळेत, त्याच व्हरांड्यात, त्या तारखेनंतर लागलेल्या बाईंना ती नाही. मार्च २०२३ च्या जुन्या पेन्शनसाठीच्या संपात दादा याच बाईंसाठी आठवडाभर शाळेबाहेर बसला होता. नोकरी कायम असली तरी तिच्या अटी देणारा बदलू शकतो, हे त्यानं स्वतः घोषणा देऊन सांगितलं, आणि मला मात्र घरी येऊन उलटं सांगतो. माझ्या अटी निदान मी दर पीओला पुन्हा मांडते.

आता तुमच्या आकड्याबद्दल. दीडपट कमी आहे. कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, विमा आणि दोन कामांमधला रिकामा काळ, हे सगळं त्यात बसत नाही. वर्षाचे २०० दिवसच बिलात येतील असं धरून रोजचा दर काढा, राहणं-प्रवास वेगळा, आणि साइट तयार नसल्यानं बसून राहावं लागलं तर त्या दिवसांचेही पैसे, हे पीओत लिहून घ्या. इंजिनिअरिंगला प्रिझम्प्टिव्ह, म्हणजे अंदाजे उत्पन्न धरण्याच्या, योजनेत निम्मी जमा उत्पन्न धरून कर भरता येतो, वीस लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी, बाकी सीए सांगेल. आई-वडील कंपनीच्या ग्रुप विम्यात असतील तर त्यांची स्वतंत्र पॉलिसी राजीनाम्याच्या आधी घ्या. जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ती घड्याळं आजच सुरू होऊ द्या. गृहकर्ज हवं असेल तर दोन-तीन वर्षांचे रिटर्न हातात येईपर्यंत बँका दारात फार उभं करत नाहीत.

हेही सांगायला हवं की मी नोकरी सोडली तेव्हा माझ्या नवऱ्याचा पगार चालू होता. तुमच्या घरात तुम्ही एकटेच कमावते असाल तर वर्षभराचा खर्च बाजूला असल्याशिवाय हलू नका. आणि समोरचा माणूस एजन्सीच्या पगारपत्रकावर घेऊन तुम्हाला त्याच कंपनीत, त्याच खुर्चीत बसवणार असेल तर मी वर लिहिलेलं काहीच लागू होत नाही. त्यात दर तुमचा नसतो आणि अटीही नसतात. तसं असेल तर तुमचे आई-वडील बरोबर आहेत. २०२३ मध्ये बाह्य एजन्सींमार्फत सरकारी भरतीच्या जीआरवर एवढा संताप झाला आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला, तो याच प्रकारच्या कामाबद्दल होता.

काँट्रॅक्ट वर्षभराचं म्हणताय, पण मधेच बंद करण्याची नोटीस किती दिवसांची आहे ते बघा. दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर सही करू नका. आणि साडेचार वर्षं झालीत म्हणताय, तर पाच पूर्ण करा. शेवटचा बेसिक आणि डीए गुणिले १५, भागिले २६, गुणिले पाच, निदान एवढी ग्रॅच्युइटी सहा महिन्यांसाठी सोडू नका. काम देणारा तेवढं थांबत नसेल तर दुसरा मिळेल, चाकणला या कामाची माणसं कमी आहेत.