वहिनी, कागद कुठून काढायला सुरुवात करू?

(माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी प्रश्नोत्तरं)

आमचे हे सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि त्यानंतर अकराव्या वर्षी गेले, त्यालाही आता नऊ वर्षं होतील. तेव्हा मला पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर, पेन्शन मंजुरीचा कागद) म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. पेन्शन येते एवढंच माहीत, ती कुठून येते, कुणाच्या सहीने येते, काहीच नाही. नंतर सगळं धक्के खात शिकले आणि आता गावातल्या, ओळखीतल्या बायकांचे कागद बघते. या वेळी पत्रं बरीच आलीत, सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, पण ज्यात बऱ्याच जणींचं उत्तर सापडेल अशी घेतलीत.

प्रश्न: माझे मिस्टर रिटायर हवालदार होते, मागच्या महिन्याच्या १२ तारखेला झोपेतच गेले. महिनाअखेरीला त्यांची पूर्ण पेन्शन जॉइंट खात्यात जमा झाली. दीर म्हणतात कुणाला कळायच्या आत एटीएममधून काढून घ्या, नाहीतर खातं गोठवतील. शेजारचे म्हणतात पंधरा दिवसांत कागद नाही गेले तर फॅमिली पेन्शन बुडते. मला अजून त्यांचं कपाट उघडवत नाहीये.

आधी एक सांगते, फॅमिली पेन्शन बुडत नाही. पंधरा दिवसांत नाही, तीन महिन्यांत नाही. ती ज्या दिवशी माणूस गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, म्हणजे तुमच्या बाबतीत १३ तारखेपासून, आणि मंजुरीला चार महिने लागले तरी मागचे पैसे एकत्र मिळतात. त्यामुळे शेजाऱ्यांना चहा पाजा आणि त्यांचं बोलणं सोडून द्या.

आता दिरांचं. ते वाईट मनाने नसतील म्हणत, पण ऐकू नका. तुमच्या मिस्टरांची पेन्शन १२ तारखेपर्यंतचीच तुमची, त्यापुढचे जे दिवस जास्तीचे जमा झालेत ते सरकार कापून घेणार म्हणजे घेणारच, आणि कळवलंच नाही तर दर महिन्याला ती येत राहते आणि मग एक दिवस वसुलीचं पत्र येतं. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, मुलाने सात महिने कळवलंच नव्हतं, फॅमिली पेन्शन सुरू झाली आणि पहिले कित्येक महिने कापूनच हातात आली. घरात अडचण असेल तर खर्चापुरते काढा, पण आधी कळवा.

कळवायचं कुठे? पेन्शन ‘स्पर्श’वर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर, गेलेली असेल (आता जवळपास सगळ्यांची गेलीये) तर त्या साइटवरच मृत्यू कळवायची सोय आहे. मुलांना जमत नसेल तर गावातलं सीएससी सेंटर (सरकारी ऑनलाइन कामं करून देणारं केंद्र) करून देतं, नाहीतर सरळ जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथल्या लोकांचं रोजचं काम आहे ते. मृत्यूचा दाखला, पीपीओ, डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते सेवेच्या नोंदीचं पुस्तक), तुमचं आधार, पॅन आणि पासबुक, एवढं बरोबर असलं की सुरुवात होते. मृत्यूची नोंद मात्र २१ दिवसांच्या आत झालीय ना तेवढं ग्रामपंचायतीत बघा, कारण उशिराच्या नोंदीला परवानगीचे वेगळे सोपस्कार लागतात. आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या. मी दोन घेतल्या होत्या, तिसऱ्यासाठी पुन्हा त्याच खिडकीसमोर उभं राहून यांचं नाव आणि तारीख मोठ्याने सांगावी लागली, ते मला दाखल्यापेक्षा जड गेलं.

अजून दोन गोष्टी लवकर बघण्यासारख्या आहेत. बँकेत डिफेन्स पॅकेजचं (फौजींसाठीचं खास) खातं असेल आणि मृत्यू अपघाती असेल तर त्यावर विमा असतो, त्या क्लेमला मुदत असते. आणि रिटायर होताना आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे पैसे कापून पुढच्या काही वर्षांसाठी विमा चालू ठेवलेला असतो, त्याचं सर्टिफिकेट कागदांत सापडतं का बघा, मुदत संपायच्या आत माणूस गेला असेल तर ती रक्कम नॉमिनीची. बाकी कॅन्टीन कार्ड, ईसीएचएस (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना), ओळखपत्र हे सगळं नंतर झालं तरी चालतं. कपाट आज नाही उघडलं तरी चालेल. कागद काढायला नणंदेला नाहीतर मुलीला सांगा, तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा.

प्रश्न: डिस्चार्ज बुकमध्ये माझं नाव ‘सुमन बाई’ आहे, आधारवर नवऱ्याचं नाव-आडनाव लावून पूर्ण नाव आहे, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं वेगळंच नाव आहे. जन्मतारीख तर तिन्हीकडे वेगळी. एजंट म्हणतोय आधार बदलून ‘सुमन बाई’ करून घ्या, दहा हजार द्या, मी करतो. करू का?

नका करू! कागद राहू द्या बाजूला, आधी त्या एजंटला घराबाहेर काढा.

हा घोळ आपल्याकडे इतका आहे की मला वाटतं निम्म्या फौजींच्या बायका रेकॉर्डवर दुसऱ्याच कुणीतरी आहेत. होतं काय, पोरगा सुट्टीवर येऊन लग्न करून परत युनिटमध्ये जातो, तिथला क्लार्क विचारतो वाईफ का नाम, हा सांगतो घरात हाक मारतात ते. क्लार्क उत्तरेकडचा, तो त्याला ‘बाई’ नाहीतर ‘देवी’ जोडतो. जन्मतारीख विचारली की हा गडबडतो आणि अंदाजाने काहीतरी सांगतो. इकडे शाळेत मास्तरांनी आधीच १ जून लावलेली असते, आपल्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच. आणि लग्नात तांदळावर अंगठीने नाव बदललेलं, ते अजून वेगळं. माझंही असंच होतं. रेकॉर्डवर माझं माहेरचं नाव होतं, ज्या नावाने मला लग्नानंतर कुणी हाक मारलेलीच नव्हती, आणि पेन्शनच्या ऑफिसात त्या नावाने हाक मारल्यावर मी दोनदा उठलेच नाही, बसून राहिले.

आता आधार का बदलायचं नाही, तर तुमचं बँक, पॅन, रेशन, सातबाऱ्यावरचं वारस म्हणून नाव, हे सगळं आधारप्रमाणे जुळलेलं आहे. ते एक बदललं की चार ठिकाणी नवीन भोकं पडणार. त्यापेक्षा फौजेचं एकच रेकॉर्ड दुरुस्त करायचं. त्यासाठी यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. मराठा लाईट इन्फन्ट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्सचं आपल्या पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. सिग्नल्सवाल्यांचं जबलपूर, ईएमईचं सिकंदराबाद. डिस्चार्ज बुकवर पत्ता असतोच. अर्जावर यांचा आर्मी नंबर मोठ्या अक्षरात लिहा. तिथे नावापेक्षा नंबरावरूनच फाईल निघते.

नुसता स्पेलिंगचा नाहीतर ‘बाई’चा फरक असेल तर बहुतेक वेळा ‘ही दोन्ही नावं एकाच बाईची’ असं अ‍ॅफिडेव्हिट आणि जिल्हा सैनिक कार्यालयाची शिफारस यावर काम होतं. नावच पूर्ण वेगळं असेल तर ते अजून पुरावे मागतात, तेव्हा काय काय लागेल ते त्यांच्याकडून लेखी मागवा आणि तेवढंच करा. गावातल्या तीन जाणकारांनी सांगितलेली तीन वेगळी अ‍ॅफिडेव्हिटं करत बसू नका. लग्नाचा दाखला, जुना जॉइंट फोटो, मुलांच्या जन्माच्या नोंदी, जुनं रेशन कार्ड, हे सगळं उपयोगी पडतं. रेकॉर्डने मान्य केलं की कागद प्रयागराजला पेन्शन ऑफिसला जातो आणि तिथून दुरुस्त पीपीओ निघतो. वेळ लागतो, हो. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, आणि प्लास्टिकच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

आणि हे वाचणारे जे रिटायर फौजी आत्ता घरात पाय पसरून पेपर वाचत बसलेत, त्यांनी जरा उठून आपला पीपीओ काढा आणि बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का बघा. तुम्ही हयात असताना हे काम खूप सोपं जातं, तिच्यावर सोडून जाऊ नका.

प्रश्न: यांना जाऊन सहा वर्षं झाली, एवढी वर्षं पूर्ण पेन्शन येत होती, आता एकदम कमी झाली. बँकेने काहीतरी चूक केलीय का?

चूक नाही बहुतेक. रिटायर झालेला माणूस गेला की सुरुवातीला वाढीव दराने फॅमिली पेन्शन मिळते, शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांनी, पण त्यांच्या स्वतःच्या पेन्शनपेक्षा जास्त नाही. हे कधीपर्यंत, तर सात वर्षं किंवा ते आज असते तर ज्या दिवशी ६७ वर्षांचे झाले असते तोपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे ५८व्या वर्षी गेले तर पूर्ण सात वर्षं मिळतील, ६१व्या वर्षी गेले असतील तर सहाच. त्यानंतर ३० टक्क्यांवर येते. पगार ४० हजार धरला तर २० हजारांवरून १२ हजार, वर महागाई भत्ता. ओआरओपीचा (वन रँक वन पेन्शनचा) तक्ता वेगळा असल्याने तुमचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल. किमान ९ हजार अधिक महागाई भत्ता, त्याखाली जात नाही.

ही तारीख पीपीओवर छापलेली असते, पण कुणी वाचून दाखवत नाही आणि मग एक दिवस पासबुकात धक्का बसतो. ज्यांचे मिस्टर नुकतेच गेलेत त्यांनी ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, मुलाचं कर्ज वगैरे त्या आकड्यावर घेऊ नका. उलटी गोष्टही आहे, ८० वर्षं पूर्ण झाली की २० टक्के वाढ मिळते, ८५ला ३०, ९०ला ४०. ती आपोआप लागली नाही तर मागायची.

हे साध्या फॅमिली पेन्शनचं. सेवेमुळे झालेल्या मृत्यूला स्पेशल म्हणजे ६० टक्के आणि लढाईत गेलेल्यांच्या घरी लिबरलाइज्ड म्हणजे पूर्ण १०० टक्के, त्यांचे नियम वेगळे. अपंगत्व पेन्शन घेणारे त्याच आजाराने गेले असतील तर स्पेशलचा अर्ज जरूर करून बघा, बऱ्याच जणी साधी घेऊन गप्प बसतात.

प्रश्न: हे फौजेतून रिटायर होऊन नंतर सरकारी खात्यात लागले होते, तिथूनही पेन्शन होती. ऑफिसातले म्हणतात दोन्हीपैकी एकच घ्या.

ते जुनं झालं. पूर्वी एकच निवडावी लागायची, २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्हीकडच्या फॅमिली पेन्शन घेता येतात. तुम्ही एकच घेत असाल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. ज्या टेबलावर नाही म्हणाले त्यांच्याकडून ‘नाही’ लेखी मागा. बहुतेक वेळा लिहून द्यायची वेळ आली की नियम आठवतो.

जाता जाता, घरपट्टीबद्दल तिघींनी विचारलंय. राज्यात २०२० पासून माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ आहे, जिल्हा सैनिक कार्यालयाचा दाखला जोडून ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा. आणि ‘स्पर्श ऑफिसातून बोलतोय, लाईफ सर्टिफिकेटसाठी ओटीपी सांगा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्यायचा.

प्रश्न: बाबांना जाऊन पाच महिने झाले. आई एकाही कागदावर सही करत नाही. म्हणते, ‘ते गेले म्हणून मला पैसे मिळणार, ते मी कसे खाऊ?’ ओळख पटवायला मोबाईलवर चेहरा स्कॅन करायचा होता, मोबाईल डोळे मिटा-उघडा म्हणतो, आईचे डोळे भरून आले आणि ते काही पुढे सरकेना. मी नोकरी सोडून किती वेळा येऊ? मला तिचा रागही येतो आणि वाईटही वाटतं.

राग येणारच गं, तुझेही बाबाच गेलेत आणि रांगेत तू उभी आहेस.

आईला नियम नको सांगूस, तिला ते माहीत करून घ्यायचेच नाहीयेत. तिला एवढंच विचार, बाबा सियाचेन नाहीतर राजस्थान नाहीतर जिथे कुठे होते तेव्हा घर कुणी चालवलं, तुमच्या शाळा कुणी बघितल्या, सासू-सासऱ्यांचं दुखलंखुपलं कुणी केलं? तो पगार एकट्या बाबांचा कधी नव्हताच. आता येतोय तो त्यातलाच तिचा हिस्सा आहे. मला हे एका रिटायर ऑनररी कॅप्टनच्या बायकोने सांगितलं होतं, म्हाताऱ्या होत्या, म्हणाल्या ‘चौदा वर्षं मी एकटीने दिवाळी केलीये, तेवढं तरी घेशील की नाही’. मी दुसऱ्या दिवशी सही केली.

फेस स्कॅनचं म्हणशील तर हट्ट करू नको. सीएससीमध्ये बोटाच्या ठशावर होतं, बोटं झिजली असतील तर जिल्हा सैनिक कार्यालयात विचार, दुसरी सोय असते. मोबाईलवरच करायचं असेल तर सकाळी उजेडात, आंघोळ-पूजा झाल्यावर, आणि बाबांचा फोटो ज्या भिंतीवर आहे त्या खोलीत नको. आमच्या घरी तेवढ्यानेच काम झालं होतं. आणि एका फेरीत एकच काम ठेव, पेन्शनच्या दिवशी ईसीएचएसचं नाव काढायचं नाही.

सही करताना तिचा हात थांबला तर थांबू दे. फॉर्म खराब झाला तर दुसरा मिळतो, दोन जास्तीचे प्रिंट काढूनच जा.